जावईबापूंचं दुखणं

समजा, तुम्हाला एक काम सांगितलं. समोर कठड्याच्या आत एक गाढव उभं आहे. काल त्याच्या मांडीवरची गाठ कापून काढली. टाके ताजे आहेत, भूल केव्हाच उतरली आहे. तुम्ही कठड्याबाहेर स्टुलावर बसायचं, थोडा वेळ बघायचं आणि याला किती दुखतंय त्याचा एक आकडा सांगायचा. विचारायची सोय नाही. ठणकतं की चमका येतात, झोप लागली का, हे प्रश्न माणसांच्या डॉक्टरांचे. तुम्हाला मिळणार फक्त दोन लांब कान, चार पाय, एक शेपटी आणि एक चेहरा. चेहराही असा, की गाढव धडधाकट असलं तरी बघणाऱ्याला वाटावं, बिचाऱ्याच्या घरी काहीतरी झालंय.

सांगा आता आकडा.

नाही ना येत सांगता? हरकत नाही. भूलताईचं निम्मं आयुष्य यातच गेलं, आणि अगदी परवापर्यंत तिला वाटत होतं की आपल्याला ते येतं.

भूलताई हे तिचं दवाखान्यातलं नाव. जनावरांच्या कॉलेजला लागूनच मोठ्या जनावरांचा दवाखाना होता. तिथे घोडे यायचे, बैल यायचे, गाढवं यायची. ऑपरेशनआधी त्यांना भूल द्यायची, ऑपरेशन चालू असताना त्यांचा श्वास सांभाळायचा आणि काम झालं की सुखरूप जागं करायचं, ही तिची नोकरी. विद्यार्थी तोंडावर ‘मॅडम’ म्हणायचे आणि पाठीमागे ‘भूलताई’. एकदा एकाची जीभ घसरली आणि ते समोरच बाहेर पडलं. बिचारा पांढराफटक पडला. ती म्हणाली, “बरं झालं सुटलास. मॅडम म्हटलं की मला वाटतं, माझ्यामागे दुसरंच कुणीतरी उभं आहे.” तेव्हापासून ती सगळ्यांचीच भूलताई.

या कामात ती काही ठरवून आली नव्हती. शिकत असताना सगळ्यांना सर्जन व्हायचं होतं, तसं तिलाही. पण ती उंचीने लहान. टेबलावर घोडा आडवा झाला की तिचा हात त्याच्या पोटापर्यंत पोचायचा नाही. मोठ्या सरांनी एक दिवस तिला डोक्याच्या बाजूला बसवलं. “तू इकडे बस आणि पापणीवर लक्ष ठेव,” म्हणाले. ती बसली ती बसलीच. सर्जन मंडळींना जनावराचं पोट पाठ असतं, पाय पाठ असतात. चेहरा मात्र भूल देणाऱ्याच्या वाट्याला येतो. पापणीला बोट लावलं की ती किती लवते, डोळा कुठे वळलाय, नाकपुडी कशी फुलते, जिभेचा रंग कसा आहे, यावरून जनावर किती खोल गेलंय ते कळतं. बाकीचे लोक ऑपरेशन बघायचे. ही तासन् तास तोंड बघत बसायची. पुढे पुढे तिला तेच आवडायला लागलं.

गाढवांनी मात्र तिला सुरुवातीला चांगलंच फजित केलं. घोड्याच्या हिशेबाने भूल द्यावी, तर घोडा शांत झोपून राहायचा, आणि गाढव मध्येच कान हलवायचं. सर्जन ओरडायचा, “अगं, हा ऐकतोय आपलं बोलणं!” पुस्तकं चाळल्यावर तिला कळलं की गाढव म्हणजे काही छोटा घोडा नव्हे. बरीच औषधं त्याच्या अंगातून लवकर निघून जातात. डोस पुन्हा द्यावा लागतो, तोही लवकर.

आणि इथेच तिच्या डोक्यात किडा शिरला. भूल लवकर उतरते, तर मग दुखणं कमी करणारं इंजेक्शनही लवकर उतरत असेल की! दवाखान्याचा नियम होता, ऑपरेशननंतर रोज एक इंजेक्शन. नियम आला होता घोड्यांच्या पुस्तकातून. मग पहिलं इंजेक्शन उतरल्यापासून दुसरं मिळेपर्यंत गाढवं काय करत असतील? सहन करत असतील?

ती सरांकडे गेली. सर म्हणजे विभागाचे प्रमुख. केस पांढरे, आवाज मोठा, आणि रागावले की चष्मा टेबलावर आपटायचे. म्हणून त्यांचा चष्मा कायम एका बाजूला कललेला असायचा.

“प्रश्न चांगला आहे,” सर म्हणाले. “उत्तर तू शोध. फक्त एक अट. सगळ्या गाढवांना दुखण्याचे गुण द्यायचे ते एकट्या तूच. आज तू, उद्या विद्यार्थी, परवा आणखी कुणी, असं करशील तर प्रत्येकाचा डोळा वेगळा, प्रत्येकाचा आकडा वेगळा. सगळी खिचडी होईल.”

अट अगदी रास्त होती. असल्या अभ्यासात तसंच करतात.

तर वर्षभर ती हेच करत होती. ऑपरेशन होऊन गाढव शेडमध्ये आलं की ती ठरल्या वेळी जायची. आधी आत जाऊन म्हणायची, “काय म्हणताय?” मग कानाच्या मुळाशी जरा खाजवायची, म्हणजे ते बुजायचं नाही. मग बाहेर येऊन स्टुलावर बसायचं आणि बघायचं. कान कुठे आहेत? मान खाली टाकलीय का? पाय उचलतोय का? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, खातोय का? खाणाऱ्याला कमी गुण, न खाणाऱ्याला जास्त. विद्यार्थी गमतीने म्हणायचे, “शून्य मिळाल्यावर पेढे वाटावेत अशी ही जगातली एकच परीक्षा.”

आणि गाढवं पास होत होती! दुसऱ्या दिवशी इंजेक्शनचा असर संपत आला असेल अशा वेळीही ती गेली की कान पुढे, मान वर, तोंड गव्हाणीत. तिचा संशय खोटा ठरत होता. तिला थोडं हिरमुसल्यासारखं झालं आणि मग स्वतःचीच लाज वाटली. गाढवांना दुखत नाहीये, याचं वाईट वाटून घेणारी ही कुठली डॉक्टर? सरांनी तर निष्कर्षाचा मसुदाही करायला घेतला: गाढवांना दिवसातून एक इंजेक्शन पुरतं. तो छापून आला की इथल्याच नव्हे, आजूबाजूच्या सगळ्या दवाखान्यांत तोच नियम पक्का होणार होता.

शेवटचं गाढव होतं जावईबापू.

हे नाव त्याच्या मालकानेच ठेवलेलं. मालक वीटभट्टीवर माती वाहायचा. अंगाने वाळलेला, बोलायला मात्र एकदम रसाळ.

“जावईबापू का म्हणता हो याला?” भूलताईने विचारलं.

“डॉक्टरबाई, दोनदा बोलावल्याशिवाय हा येत नाही. मनासारखं झालं नाही की दारात तोंड वाकडं करून उभा. आणि आवाज चढवला की बायको माझ्यावरच ओरडते. मग दुसरं काय म्हणू?”

गाठ मोठी होती, मांडीच्या आतल्या बाजूला, ओझं घेऊन चालताना घासली जाणारी. ऑपरेशन चांगलं झालं. मानेच्या शिरेत औषध गेलं तसे जावईबापूंचे गुडघे सावकाश दुमडले. चौघांनी धरून त्यांना गादीवर आडवं केलं. घशातून नळी गेली, श्वासाची पिशवी फुगायला-मिटायला लागली. भूलताई डोक्याशी बसली ती शेवटचा टाका पडेपर्यंत उठली नाही. दोनदा कान हलायची लक्षणं दिसली, दोन्ही वेळा तिने आधीच ओळखून औषध वाढवलं. नंतर भिंतींना गाद्या लावलेल्या खोलीत ती त्याच्या मानेवर हात ठेवून बसून राहिली. जाग येताना जनावर घाबरून धडपडतं आणि स्वतःलाच इजा करून घेतं. जावईबापू धडपडले नाहीत. डोळे उघडले, जरा विचार केला आणि एकदम उठून उभे राहिले. जेवण आटोपून हात धुवायला निघाल्यासारखे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मालक शेडच्या फाटकाशी आला. आत यायला त्याला परवानगी नव्हती. तिथूनच मान उंच करून म्हणाला, “बाई, बाकी काही विचारत नाही. त्याला त्रास नाही ना? तेवढं सांगा.”

भूलताई नुकतीच गुण देऊन उठली होती. जावईबापू गव्हाणीत तोंड घालून उभे होते, कान तिच्याकडे. ती खात्रीने म्हणाली, “अजिबात नाही. बघा की, खातोय कसा.”

मालक हसला. त्याचे खांदे सैल झाले. “आमचे जावई जेवायला कधी नाही म्हणत नाहीत,” म्हणाला आणि गेला.

ती ऑफिसकडे निघाली आणि अर्ध्या वाटेत तिच्या लक्षात आलं की वाचायचा चष्मा सकाळी शेडमागच्या औषधांच्या खोलीत राहिलाय. एरवी ती त्या खोलीत शेडमधूनच जायची, आज बाहेरच्या, मागच्या वाटेने गेली. तिथून शेडच्या फळ्यांमधल्या फटीतून आतलं दिसायचं. चष्मा घेऊन बाहेर पडताना तिची नजर सहज आत गेली.

जावईबापू कोपऱ्यात होते. भिंतीकडे तोंड करून. मान इतकी खाली, की नाक जवळजवळ जमिनीला लागलेलं. कान दोन्ही बाजूंना पडलेले. ऑपरेशनच्या बाजूचा मागचा पाय थोडा उचललेला, टेकवायचा, पुन्हा उचलायचा. डोळे अर्धे मिटलेले होते, पण ती झोप नव्हती. तिने आयुष्यभर झोपलेली जनावरं पाहिली होती. ही झोप नाही, हे तिला तिथल्या तिथे कळलं.

तिच्या पायाखाली खडी वाजली. आधी एक कान वळला. मग दुसरा. मग मान वर आली, पाय जमिनीवर टेकला, आणि जावईबापू शिस्तीत चालत गव्हाणीपाशी गेले आणि तोंड आत घातलं.

भूलताई फळीला नाक लावून उभी होती. तिथून गव्हाणीची आतली बाजू दिसत होती. ओठ हलत होते. चारा मात्र जिथल्या तिथे होता. एक काडीही तोंडात जात नव्हती.

ती हलली नाही. बाहेर एक सायकल गेली, कुठेतरी नळ वाहत होता. जावईबापू चाऱ्यात नाक खुपसून ओठ हलवत राहिले. एखाद्याने पाहुण्यांसमोर रिकाम्या ताटात हात फिरवत राहावं, तसे. थोड्या वेळाने त्यांना वाटलं असावं की गेलं कोण होतं ते. मान खाली आली. पाय पुन्हा उचलला गेला.

ती लांबून वळसा घालून पुढच्या दारात गेली आणि “काय म्हणताय?” म्हणाली. कान पुढे, मान वर, तोंड गव्हाणीत. तेच ते रोजचं गाढव. तिने वर्षभर पाहिलेलं.

तिने जवळ जाऊन गव्हाणीत हात घातला. चारा कोरडा होता. सकाळी टाकला तसाच.

पहिलं काम तिने केलं ते दुसऱ्या इंजेक्शनचं. नियमात बसत नव्हतं, पण भूल विभागाची सही तिचीच होती. मग फाटकाबाहेर जाऊन मालकाला शोधलं. तो कोपऱ्यावर चहा पीत उभा होता.

“मघाशी मी चुकीचं सांगितलं तुम्हाला,” ती म्हणाली. “त्याला दुखतंय. मी समोर असले की तो दाखवत नाही.”

मालकाने कप खाली ठेवला. काही तरी गमतीचं बोलेल असं तिला वाटलं. 

“म्हणजे आमच्यासमोर पण?” तो म्हणाला. “भट्टीवर पण? पाठीवर माती असताना?”

ती म्हणाली, “आता औषध दिलंय. संध्याकाळपर्यंत खायला लागेल.” आणि तो खरोखर खायला लागला. फळीच्या फटीतून बघून, गव्हाणीतला चारा निम्मा झालेला पाहूनच ती तिथून हलली.

घरी आली तेव्हा बाबा दारातच उभे होते, वॉकरला एक हात लावून. दुसऱ्या हातात वर्तमानपत्र.

तिच्या घरी ती, बाबा आणि बाबांची धाकटी बहीण, म्हणजे तिची आत्या. बाबांनी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या. आणि निवृत्त झाल्यावर पडले ते जिन्यावरून. खुब्याचं ऑपरेशन झालं. आत्या म्हणायची, “जिन्याने सूड घेतला. इतकी वर्षं त्याचं गिऱ्हाईक पळवलंस ना!” बाबांची बोलायची हौस मात्र तसूभर कमी झाली नव्हती. कुणी भेटायला आलं की सांगायचे, “माझी मुलगी गाढवांची डॉक्टर आहे. म्हणून मला दवाखान्यात जावं लागत नाही, घरच्या घरी बघते.”

“काय म्हणतंय तुमचं गाढव?” त्यांनी आजही नेहमीप्रमाणे विचारलं.

“तुम्ही कसे आहात?”

“मला काय धाड भरलीय? मस्त. आज खिडकीपर्यंत जाऊन आलो.”

तिने त्यांच्याकडे बघितलं. म्हणजे कामावर बघते तसं बघितलं. कपाळावर घामाची बारीक ओळ होती. वॉकरवरच्या हाताची बोटं पांढरी पडली होती. वर्तमानपत्र उलटं नव्हतं, पण ते कालचं होतं.

“आत्या,” तिने स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, “मी नसते तेव्हा बाबा कसे असतात गं?”

आत कपबशांचा आवाज थांबला. आत्या पदराला हात पुसत दारात आली. भावाकडे बघितलं, भाचीकडे बघितलं.

“मला मधे घेऊ नका,” ती म्हणाली.

“आत्या.”

“आता विचारतेसच तर ऐक. दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. मी बोलले तर अंगावर येतो. तुझी यायची वेळ झाली की केस विंचरतो आणि दारात जाऊन उभा राहतो. मी म्हटलं, अरे, ती काही तुला बघायला आलेली पाहुणी आहे का? तर म्हणे, तू गप्प बस.”

“फितूर!” बाबा म्हणाले.

“हो, आहे फितूर. आणि दुपारची गोळीसुद्धा घेत नाही. उशीखाली ठेवतो.”

भूलताईने बाबांना हाताला धरून खुर्चीत बसवलं. बसताना त्यांनी दात आवळले. आज ते तिला दिसलं. इतके दिवस कसं दिसलं नव्हतं?

“गोळी का नाही घेत?”

“झोप येते तिने.”

“मग झोपावं की.”

“दुपारी घेतली की संध्याकाळपर्यंत गुंगी असते,” बाबा खिडकीकडे बघत म्हणाले. “तू येतेस तेव्हा मी घोरत असतो. तू दमून येतेस, जेवतेस, झोपतेस. सकाळी मी उठायच्या आत गेलेली असतेस. मग दिवसभरात आपलं बोलणं कधी व्हायचं?”

आत्या एकदम आत निघून गेली आणि तिथे नळ मोठा सोडला.

भूलताई बाबांच्या पायापाशी खाली बसली. तिला रागवायचं होतं. दिवसभर लोकांना, जनावरांना औषधाच्या वेळा समजावून सांगणारी ती, आणि घरात उशीखाली गोळ्या! 

“माझ्यासमोर नाटक करता होय?” ती म्हणाली.

“नाटक नाही गं.” बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “लोकांसमोर करतो ते नाटक. तो शेजारचा येतो ना, आज किती जिने चढलो ते मोजून सांगणारा, त्याच्यासमोर करतो. तुझ्या वेळी तसं नसतं. जिन्यात तुझी चप्पल वाजली की खरंच कमी होतं. आता तुझ्या शास्त्रात ते बसतं का नाही, मला माहीत नाही.”

“मला बरं वाटावं म्हणून म्हणताय.”

“तुला काय वाटायचं ते वाटू दे. खुबा माझा आहे.”

त्या दिवसापासून दुपारची गोळी दुपारीच जायला लागली. ती संध्याकाळी यायची तेव्हा बाबा झोपलेले असायचे. ती शेजारी खुर्ची घेऊन दवाखान्यातलं काहीबाही सांगत बसायची, हळू आवाजात. बाबा मधूनच डोळे न उघडता “मग?” म्हणायचे. त्यातलं त्यांना किती कळायचं कुणास ठाऊक. आत्या म्हणायची, “दोघं मिळून खुळे झालात.” आणि स्वतःही तिथेच येऊन बसायची.

सरांशी बोलायचं अजून बाकी होतं. ती त्यांच्या खोलीत गेली ती लॅपटॉप घेऊनच. मधल्या दिवसांत तिने शेडच्या कोपऱ्यात छोटा कॅमेरा बसवला होता. चारा टाकण्याआधी आणि नंतर वजन केलं होतं. जावईबापूंच्या छातीला ठोके मोजणारा घोड्यांचा पट्टाही बांधला होता. तो सैल पडायचा म्हणून मध्ये टॉवेलची घडी.

सरांनी कॅमेऱ्यातली दृश्यं पाहिली. गव्हाणीतलं रिकामं चघळणं दोनदा पाहिलं. चष्मा काढला. तो आपटणार म्हणून भूलताईने टेबलावरचा कप बाजूला सरकवला. सरांनी चष्मा नुसताच ठेवला.

“म्हणजे वर्षभर तू जे मोजलंस,” ते म्हणाले, “ते गाढवांचं दुखणं नव्हतंच. तू समोर असताना गाढवं कशी वागतात, ते मोजलंस.”

“हो.”

“आणि एकटीने मोज, असं सांगणारा शहाणा मी.”

“सर, कानाला खाजवायची सवय माझी होती.”

“ती कशाला लावलीस?”

“बुजू नयेत म्हणून.”

सर हसायला लागले. मग थांबले. “मसुदा मी मागे घेतो. तोपर्यंत आपल्याकडे दोन इंजेक्शनं सुरू करा. आणि तो अभ्यास फेकू नकोस. नाव बदल फक्त.” जरा विचार करून म्हणाले, “लपवतातच कशी बेटी. रानात जो लंगडताना दिसतो त्यालाच आधी उचलतात, म्हणून लपवत असतील. तुलाही तशीच घाबरत असतील. वाईट वाटून घेऊ नकोस.”

तिला वाईट वाटत होतंच. पण त्याहूनही वेगळं काहीतरी टोचत होतं.

“सर, घाबरून लपवत असेल तर ठोके वाढायला हवेत ना?”

“वाढायलाच हवेत.”

“हे बघा.” तिने स्क्रीनवरची रेघ दाखवली. “अनोळखी विद्यार्थी आत आला तेव्हा चारा खाल्ल्यासारखं केलं आणि ठोके वाढले. मी आत गेले तेव्हाही चारा खाल्ल्यासारखंच केलं. खाल्लं काहीच नाही. पण ठोके उतरले.”

सर स्क्रीनकडे बघत राहिले. चष्मा घातला, पुन्हा पाहिलं.

“पट्टा सरकला असेल,” ते म्हणाले.

“मलाही तसंच वाटलं. तीनदा बांधून पाहिलं.”

“एका गाढवावरून काही सांगता येत नाही.”

“नाही येत,” ती म्हणाली. “म्हणूनच पुन्हा करायचंय. कुणी नसताना, अनोळखी माणूस असताना आणि मी असताना.”

सरांनी मान डोलावली. बाहेर पडताना त्यांनी मागून हाक मारली. “अगं, आणि ती कानाला खाजवायची सवय आहे ना, तीही लिहून काढ नीट. कुठे, किती वेळ, कोणत्या हाताने. आता तेही औषधात धरावं लागेल.”

जावईबापूंना न्यायला मालक आला त्या दिवशी ती शेडमध्ये होती. टाके सुकले होते. निघण्याआधीचं शेवटचं इंजेक्शन व्हायचं होतं, म्हणजे आत्ता दुखण्याचीच वेळ होती. मालक फाटकाशी उभा राहून म्हणाला, “या की जावईबापू.” ते अर्थातच आले नाहीत. दुसरी हाक यायची होती.

ती आत गेली आणि मानेपाशी उभी राहिली. बोलली नाही, खाजवलं नाही, नुसता तळहात टेकवला. जावईबापूंनी तोंड गव्हाणीत घातलं आणि ओठ हलवायला सुरुवात केली. चारा जागचा हलला नाही. छातीचा पट्टा अजून काढला नव्हता; तिच्या दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर ठोक्यांचा आकडा हळूहळू खाली येत होता. तोंड एक सांगत होतं, छाती दुसरं सांगत होती, आणि दोन्ही एकाच गाढवाची.

तिला बाबांचं बोलणं आठवलं नसतं तर नवल. पण बाबांना बोलता येतं, आणि त्यांच्यावर विश्वास ठेवायचा की नाही तेही तिचं अजून ठरलं नव्हतं. इथे तर विचारायलाही सोय नव्हती. ती उभी राहिली, बोटांखालची कातडी थरथरायची थांबली, आकडा आणखी थोडा उतरला, आणि तिला एवढं एकच कळून घ्यायचं होतं: मी शेजारी असले की याला खरंच कमी दुखतं, की माझ्यासमोर कमी दाखवावंसं वाटतं?